रा. रा. काडीवाले साहेबांस अनावृत पत्र

रा. रा. काडीवाले साहेब यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

आपलं खरं नाव ठाऊक नाही, म्हणून आपल्या कामावरूनच आपल्याला हाक मारते आहे. राग नसावा. पत्ता तरी कुठे ठाऊक आहे? पुण्याच्या कडेच्या आमच्या टेकडीवर, जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला, माघ उतरून फाल्गुन लागला की एखाद्या संध्याकाळी आपण येता आणि अंधार पडायच्या आत जाता, एवढाच आपला ठावठिकाणा. पोस्टमन तिथे जात नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी आपल्याला ओळखत असेल तर त्याने ते आपल्या हाती द्यावं. ओळखत नसेल तर स्वतः शेवटपर्यंत वाचावं.

प्रथम आभार मानते, आणि तेही मनापासून. आपण नसतात तर मला गवत कळलं नसतं. शहरात वाढलेल्या माणसाला टेकडीवर झाडं दिसतात, मोर दिसतो, सूर्योदय दिसतो. गवतावरून तो चालत जातो. आपण काडी ओढून टेकडीचा तो उतार पहिल्यांदा काळा केलात, तेव्हा तिथून काय गेलं याची नावं मला जाणत्या माणसांना विचारावी लागली. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा. आषाढात मऊ हिरवं, आश्विनात तुऱ्यांनी भरलेलं, पौषात वाळून वाऱ्यासंगे एका अंगाला कललेलं. दख्खनच्या पठारावर कमी पावसाच्या भागात हे गवताळ माळ जुने आहेत. सरकारी कागदांत त्यांना ‘पडीक’ म्हणायची सवय लागली म्हणून ते पडीक होत नाहीत. हे सारं ज्ञान मला आपल्या कृपेने मिळालं. गवत उभं असताना मिळालं असतं तर अधिक आनंद झाला असता, पण गुरूकडे फार मागू नये.

आपल्या बाजूने बोलणारेही पुष्कळ भेटतात, याचा आपल्याला अभिमान वाटावा. ‘गवतच तर जळलं, ताई. पावसाळ्यात पुन्हा उगवेल,’ असं सकाळी फिरायला येणारे सद्गृहस्थ मला समजावून सांगतात. उगवतंच, साहेब. मुळं जमिनीत असतात. पण मधल्या महिन्यांत काय होतं ते आपण बघायला थांबत नाही, म्हणून सांगते. जळलेल्या गवतातला नत्र वायू होऊन हवेत निघून जातो. उरलेली राख चैत्र-वैशाखाच्या वावटळी उडवून नेतात. मग येतो वळीव. उभं किंवा पडलेलं गवत असलं की थेंबाचा मार त्यावर बसतो, पाणी हळूहळू उतरतं, मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून खाली मुरतं. उघड्या उतारावर तेच पाणी वीतभर असलेली माती सोबत घेऊन ओढ्याला जातं. पायथ्याच्या सोसायट्यांच्या बोअरचं पाणी मे महिन्यात तळाला जातं आणि जूनच्या पहिल्या पावसात त्यांच्याच फाटकासमोर लाल चिखल साचतो. दोन्ही तक्रारी महापालिकेकडे जातात. आपलं नाव त्यात कोणी घालत नाही, इतका आपला विनय.

काही जण आपल्याला शेतकऱ्यांचा आणि गुराख्यांचा कैवारी समजतात. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं, कुसळं जळून जातात, जनावरांचं तोंड सोलवटत नाही, मेंढीच्या लोकरीत काही अडकत नाही. ही समजूत जुनी आहे आणि ती बाळगणाऱ्या गुराख्यावर माझा राग नाही. जाळल्यावर जमिनीतल्या ओलीवर चार हिरवे कोंब फुटतात, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात. पण कुसळीचं बी आपल्याहून हुशार आहे. त्याच्या शेपटाला ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पीळ बसतो, आणि या फिरण्याने ते गिरमिटासारखं मातीत शिरतं. आपण काडी ओढता तेव्हा ते खाली सुखरूप असतं. वर उरलेली मारवेल आणि पवन्यासारखी मऊ, जनावरांच्या आवडीची गवतं दर वर्षीच्या आगीने विरळ होत जातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कुसळीच पसरते. ज्या कुसळांना कंटाळून आपण आग लावता त्यांचीच पेरणी आपल्या हातून होते आहे. गुराख्याचं भलं करायचं तर मारवेल वाढू द्यावा लागेल.

आणि कृपा करून राबाचं नाव पुढे करू नये. मावळात आणि कोकणात भात पेरण्याआधी शेतकरी राब भाजतो हे मला माहीत आहे. तो आपल्या वाफ्यात भाजतो. भोवतालचा पाला आधी ओढून घेतो, वारा बघतो, आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत फांदी हातात घेऊन तिथे उभा राहतो. आपण काडी टाकून पाठ फिरवता. त्याच्या कष्टात आपल्याला वाटा नाही.

आता झाडांविषयी. इथे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे. आपल्यासारख्या कार्यव्यग्र माणसाने वेळ काढून वाचावं अशी हात जोडून विनंती आहे.

टेकडीवर रोप लावायचं तर काम वैशाखात सुरू होतं, खड्ड्यांपासून. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. पहार मारली की ठिणगी उडते. खड्डा भरायला पुरेशी माती तिथे नसते, ती खालून घमेल्यांनी आणि पाठीवरच्या गोणीतून चढवावी लागते. सोबत शेणखत. पाऊस नीट लागला की रोपं. खैर, हिवर, आपटा, बहावा, पांगारा, मोई, साळई, पळस. ही इथलीच झाडं, कमी पाण्यावर आणि कमी मातीवर जगायची सवय असलेली. गवत उपटून आम्ही लावत नाही. खाणकामाने आणि भरावाने जिथे जमीन आधीच उघडी पडली आहे तिथे लावतो. दिवाळीनंतर पाणी घालायचं. खालच्या नळावर पाच लिटरचे कॅन भरायचे, प्रत्येकाने झेपतील तेवढे घेऊन चढायचं, आळ्यात ओतायचं, वर वाळल्या गवताचं आच्छादन नीट करायचं, आणि पुन्हा खाली. हे जूनपर्यंत. शाळेतली मुलं येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, रात्रपाळी करून थेट टेकडीवर येणारा एक तरुण आहे. पहिली दोन-तीन वर्षं रोप वर फारसं दिसतच नाही. ते मुळं धरत असतं. बघणाऱ्याला वाटतं हे वाढत का नाही, आणि आम्ही त्याला सांगतो, थांबा जरा, खाली वाढतंय.

तेवढ्यात आपलं आगमन होतं.

आग चढावर धावते हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असेल. ज्वाळा वरच्या गवतावर झुकतात, ते लागायच्या आधीच भाजून कोरडं होतं आणि मग भडकतं. आम्ही खालून पळत वर पोहोचेपर्यंत ती माथ्यावर असते. गिरिपुष्पाच्या ओल्या फांद्या तोडून आम्ही ती झोडपतो. वाऱ्याच्या बाजूने नव्हे, कडेने आत सरकत, धूर तोंडावर घेत. ओली पोती मिळाली तर पोत्यांनी. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आपण दर साल शिकवणी घेतलीत म्हणून आलं. याचेही आभार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय असतं ते आपण कधी पाहिलेलं नाही. तसं वर्तमानपत्रात छापण्याजोगं काही नसतं. रोपं उभीच असतात. पानं करपलेली, पण खोड सरळ. नव्याने आलेल्याला वाटतं वाचलं की हे! कोवळ्या झाडाची साल कागदाएवढी, आणि झाडाचा जीव त्या सालीच्या लगेच आत असतो. आच लागली की तो थर शिजतो, आणि झाड उभ्या उभ्या मरतं. ते कळायला एकच उपाय. प्रत्येक रोपापाशी बसायचं आणि अंगठ्याच्या नखाने साल थोडी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी दिसलं तर दोन बोटं खाली पुन्हा खरवडायचं. मग आणखी खाली. असं करत करत बोट जमिनीला टेकतं. एका उतारावर पंधरा-वीस माणसं, प्रत्येकजण एकेका काडीसमोर उकिडवा बसलेला, कोणी बोलत नाही. मधूनच कुणीतरी ओरडतं, ‘हिरवं आहे!’ आणि बाकीचे मान वर करून बघतात. साहेब, आपल्याला आयुष्यात एकदा तरी ही सकाळ लाभावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. ही शिक्षा म्हणून मागत नाही. त्या आनंदात आणि त्या दुःखात आपलाही वाटा असावा, म्हणून मागते.

पळस चिवट. तो जळला तरी मुळापासून फुटतो. पण दर वर्षी जाळलं तर दर वर्षी पहिल्यापासून. ज्या पळसाने एव्हाना माथ्यावर केशरी व्हायला हवं होतं, तो आमच्या टेकडीवर अजून गुडघाभर झुडूप आहे. दर फाल्गुनात त्याचा नंबर पुन्हा पहिलीत लावून देणारे आपण.

आमच्यात एक आजी आहेत. पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, वरपर्यंत चढवत नाही. त्या कॅन उचलू शकत नाहीत म्हणून त्यांनी वेगळं काम धरलं. घरच्या भाजीची देठं, सालं, शेंगांची टरफलं, देवाचं निर्माल्य, सगळं बाल्कनीतल्या फुटक्या माठांत मुरवून त्या खत करतात आणि कापडी पिशवीतून टेकडीच्या पायथ्याला आणून देतात. त्यांच्या स्वयंपाकघरातून कचऱ्याच्या गाडीत जवळजवळ काही जात नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. जेवण ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी. कोरडवाहू रानात थोड्या पावसावर येणारं आणि जमिनीकडून फार काही न मागणारं अन्न. याला आजकाल मोठी मोठी नावं आहेत. आजी त्याला काही नाव देत नाहीत, त्यांच्या आईने असंच रांधलं होतं. त्यांच्या पिशवीतलं खत ज्या आपट्याच्या बुडाशी घातलं होतं, तो आपटा ओळीसकट आपल्या आगीत गेला. आजींनी विचारलं, ‘माझा आपटा कसा आहे गं?’ त्यांना काय सांगायचं ते आपण कळवलंत तर उपकार होतील. मला सुचलं नाही.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर आपल्या मेजवान्यांबद्दलही कृतज्ञता व्यक्त करते. तीन दगडांची चूल, त्यात आमच्याच रोपांना आधाराला लावलेल्या काठ्या, वर भाजलेली कोंबडी. आपण काय खावं हे सांगणारी मी कोण! माझं ताट हिरवं आहे म्हणून आपलंही असलंच पाहिजे असा आग्रह नाही. मागणं एवढंच की चूल विझवून जावं. मागे राहिलेल्या थर्माकोलच्या थाळ्या, प्लॅस्टिकचे पेले, फोडलेल्या बाटल्या आम्ही उचलतोच. थर्माकोलच्या थाळ्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी आपण त्या कुठून पैदा करता याचं कौतुक वाटतं. आमचा रविवारचा नाष्टाही टेकडीवरच असतो. घरून आणलेल्या भाकऱ्या, उसळ, शेंगदाण्याची चटणी, काकडी, आणि प्रत्येकाचं ताट प्रत्येकाच्या पिशवीत. पाहुणे आले तर पळसाच्या पत्रावळी, जेवण झाल्यावर त्या आळ्यात जातात. आपण आलात तर आपल्यालाही वाढू. रिकाम्या पोटी कुणाला परत पाठवत नाही.

पाखरांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल मला फार लिहवत नाही. रातवा घरटं बांधत नाही, थेट जमिनीवर अंडी घालतो. माळटिटवी उघड्या माळावर खड्यांच्या रंगाची अंडी घालते. चंडोल गवताच्या बुंध्याशी. तित्तर झुडपाच्या आडोशाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही सगळी मंडळी जमिनीवरच बसलेली असतात, आणि आपला हंगामही तोच. मोठं पाखरू उडून जातं आणि जळत्या जागेवर घिरट्या घालत ओरडत राहतं. घोयरा सरडा उडू शकत नाही आणि पळूही शकत नाही. तो फांदी घट्ट धरून ठेवतो. आम्हाला तो तसाच सापडतो.

साप मारायला आग लावतात असंही एक कारण ऐकलं. फुरसं दगडाखाली असतं, नाग-धामण बिळात शिरतात. वरून गवताची आग झरकन निघून जाते. मग आडोसा आणि उंदीर दोन्ही गेलेलं ते जनावर पायथ्याच्या वस्तीकडे उतरलं, तर त्याचा दोष सापावर येऊ नये.

आपल्या कीर्तीविषयी आपल्याला पूर्ण कल्पना नसावी, म्हणून कळवते. आपली आग अंतराळातून दिसते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे उपग्रहांनी टिपलेल्या आगींची माहिती येते, आणि तिथून वनखात्याच्या माणसांना संदेश जातात. पावणेचारशे मीटरच्या चौकोनात काही पेटलेलं उपग्रहाला दिसलं की नकाशावर ठिपका उमटतो. त्या ठिपक्यात आपला चेहरा उमटत नाही, एवढीच उणीव. ती भरून काढायला वनरक्षकाला पायीच यावं लागतं. त्याच्या वाट्याला अशा कित्येक टेकड्या असतात, आणि त्याच्या हातातही बहुतेक वेळा आमच्यासारखीच फांदी असते.

कायदाही आपल्याला ओळखतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमात राखीव वनाला आग लावणं हा गुन्हा आहे. परवानगी नसलेल्या काळात तिथे नुसती आग पेटवणं किंवा पेटतं काही घेऊन फिरणं, हाही. म्हणजे ती तीन दगडांची चूलसुद्धा, साहेब. पुण्याच्या टेकड्यांचे मोठे पट्टे वनखात्याचे आहेत. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. आग मुद्दाम किंवा अक्षम्य निष्काळजीपणाने लावलेली असेल, तर त्या रानातले चराईचे हक्कच काही काळ थांबवण्याचा अधिकार सरकारला आहे. चार गुरं घेऊन येणाऱ्या ज्या म्हाताऱ्या गुराख्याच्या नावाने आपल्या आगी खपतात, त्याचंच कुरण बंद होऊ शकतं. त्याने काडी ओढलेली नसली तरी.

पुणेकर आपल्या टेकड्यांसाठी भांडतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी फोडून रस्ता काढू नये म्हणून म्हातारेकोतारे, पोरंबाळं उन्हात चालत निघाली होती. रस्ता करणाऱ्याला आराखडा लागतो, मंजुरी लागते, हरकती ऐकून घ्याव्या लागतात. त्यामुळे त्याच्याशी भांडता तरी येतं. आपल्याला एक काडी पुरते, आणि आपल्याविरुद्ध मोर्चा नेमका कुठे न्यायचा ते कळत नाही. या बाबतीत आपण मोठमोठ्या ठेकेदारांना मागे टाकलंत. अभिनंदन.

बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर लोकांनी सह्याद्री देवराई उभी केली. तिलाही आग लागली होती. तेव्हा आपण एकटे नाही, आपली बिरादरी मोठी आहे. पण देवराई म्हटलं की मला दुसरी गोष्ट आठवते. १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया पाहत हिंडले आणि त्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा अभ्यासकांना त्यांचं मोल कळलं. गावकऱ्यांना ते आधीच माहीत होतं. तिथली वाळकी काडीही घरी न्यायची नाही, असा नेम गावोगाव पाळला जात होता. पहारेकरी नव्हता, कुंपण नव्हतं. देवाचा धाक होता हे खरं, पण धाकासोबत राखण्याची सवयही होती. एकाने दुसऱ्याकडे बघून शिकलेली. झाड तुमचं की माझं, हा प्रश्न तिथे कोणी काढत नव्हतं. आमच्या टेकडीवर कुठला देव यायला तयार असेल तर मी आज त्याची स्थापना करीन. पण मला वाटतं, माणसं पुरतील.

आणि म्हणूनच हे पत्र. रागावून चार शिव्या द्यायच्या असत्या तर एवढा कागद लागला नसता. आपल्याला पकडावं, दंड व्हावा, हे मला हवंच आहे, ते लपवत नाही. पण पकडून एक जण कमी होईल. मला आपली गरज आहे ती वेगळ्या कारणासाठी. टेकडीच्या कोणत्या अंगाने वारा संध्याकाळी वर चढतो, गवत कुठे आधी वाळतं, कोणत्या पायवाटेने कोणाला न दिसता वर येता येतं, हे आपल्याइतकं आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. जाळरेषा नेमकी कुठून काढावी हे आपण सांगू शकाल. आम्ही दर साल अंदाजाने काढतो.

जाळरेषेचं काम असं असतं. मार्गशीर्षात गवत पिवळं पडू लागलं की रोपांच्या पट्ट्याभोवती आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन मीटर रुंद गवत विळ्याने कापून काढायचं, कापलेलं रोपांपासून दूर, आगीच्या वाटेबाहेर नेऊन ठेवायचं, आणि ती पट्टी जूनपर्यंत साफ राखायची. आग तिथे येऊन थांबते, किंवा निदान बुटकी होते आणि झोडपता येते. कामाला माणसं कमी पडतात. पाच जूनला रोप हातात धरून फोटो काढायला गर्दी असते, त्यांचेही आभार. पण गवत कापायला थंडीतल्या सकाळी येणारे मोजकेच.

तेव्हा आपण यावं. आपण कोण हे कोणी विचारणार नाही. मला कळलं तरी मी त्या दिवशी बोलणार नाही, हा शब्द देते. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, कुसळं फार टोचतात. पायात बूट हवेत, फुरसं असतं. विळा नसेल तर आम्ही देऊ. पाण्याची बाटली आणि ताट मात्र आपलं आपण आणावं. रविवारी उजाडता उजाडता, पायथ्याच्या नळापाशी.

ते जमणार नसेल तर एवढं तरी करावं. फाल्गुनात आपण टेकडीवर असाल आणि आपल्या हातून किंवा दुसऱ्या कोणाच्या हातून गवत पेटलं, तर पळून जाण्याआधी वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरवावा. पैसे पडत नाहीत. अग्निशमन दलाचा १०१. नाव नाही सांगितलं तरी चालेल, फक्त कोणत्या उतारावर आणि वारा कोणीकडे आहे ते सांगावं. पहिल्या पाच मिनिटांत चार माणसं फांद्या घेऊन पोहोचली तर आग विझते. अर्ध्या तासाने चाळीस पोहोचली तरी ती माथा ओलांडून पलीकडे गेलेली असते.

आजींना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी नवं खत मुरत घातलं आहे, मार्गशीर्षापर्यंत तयार होईल म्हणतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
टेकडीवर पाणी वाहणारी एक